चौथा खांदा

१५ नोव्हेंबर १९३६, रविवार. ब्राह्मणपुरी

नवी वही पाडव्याला सुरू करायची असं ठरवलं होतं, आणि नेमकं आजच लिहिण्याजोगं काम पदरात पडलं. याला मी शुभशकुन म्हणतो. सौ. दगूबाई म्हणते, वही शहाद्याच्या बाजारात स्वस्त मिळाली म्हणून शकुन आठवला. आमच्या सगळ्या संसारात तिनं माझ्या एकाही शकुनाला मान दिलेला नाही.

सकाळी चुडामणआप्पांच्या पाया पडायला गेलो. आप्पा म्हणजे आमच्या खांदेकरी मंडळाचे जन्मदाते. मानमोडीच्या साथीत गावात रोज माणूस मरत होतं आणि शेजारी शेजाऱ्याच्या दारात पाऊल टाकत नव्हता, तेव्हा आप्पांनी चार गडी जमवले आणि ज्याला कोणी नाही त्याला खांदा दिला. तेव्हापासून ब्राह्मणपुरीत कोणाच्याही घरी मरण आलं तरी बांबू, दोर, लाकडं आणि चार खांदे मंडळाचे. मी त्या साली धुळ्याला मास्तरकीचं शिक्षण घेत होतो. पुढे इथल्या शाळेवर आलो तेव्हा आप्पांनी मला चिटणीस केलं, आणि मंडळाला जी काही शिस्त आली ती त्यानंतर आली, हे कोणीही कबूल करील.

आप्पा ओट्यावर बसले होते. पावसाळ्यापासून त्यांना दम लागतो. म्हणाले, “गिरधर, मंडळना गडी म्हातारा व्हई गयात. कोनी कमर धरस, कोनी भिंत धरस. मले उचलतांना एखादा मन्हा आधी वर जावा.”

मी म्हणालो, असं अभद्र बोलू नका.

“अभद्र काय त्यामा? मले पोऱ्या नही. मी मंडळना खांदावर जासू. चार नवा गडी तयार कर, होळीनी आत. मी काही पुढनी दिवाळीलोंग थांबाव नही.”

म्हणजे मी आजपासून चिटणीस तर आहेच, शिवाय नव्या सभासदांच्या स्वागताचा आणि शिक्षणाचा प्रमुखही झालो. चार जण म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. शाळेत मी दरसाल चाळीस पोरांना अ आ ई शिकवतो.

एक सूचना मात्र मी तिथल्या तिथे केली. आमच्याकडे नवा गडी पहिला खांदा देऊन नदीवरून परतला की वाटेतल्या निंबाखाली त्याच्या हातावर कडू पाला आणि गुळाचा खडा ठेवतात आणि ‘खांदाभाऊ’ म्हणून हाक मारतात. तिथून पुढे तो सगळ्यांचा खांदाभाऊ. मी म्हटलं, हा गूळ यापुढे चिटणिसाच्या हातून द्यावा, म्हणजे कार्यक्रमाला शोभा येईल. आप्पांनी मान हलवली. “गूळ त्यानीच देवाना, जो त्याना आधी खांदा दिसन उना.” जुनी माणसं जुन्या रीतीला धरून बसतात. मी वाद घातला नाही.

१८ नोव्हेंबर

दोन गडी मिळाले. दोधू आणि सुपडू. दोधूच्या बापाला दोन वर्षांपूर्वी मंडळानं नेलं होतं, त्याची जाण ठेवून तो आपणहून आला. तोंडाळ आहे. गावातली कुत्री झोपतात पण दोधू बोलायचा थांबत नाही. सुपडू त्याच्या अगदी उलट. त्याला हो म्हणायला लावण्यात माझा अख्खा संध्याकाळचा वेळ गेला आणि शेवटी तो जे बोलला ते “बरं” एवढंच.

दोघांना सांगून ठेवलं की नुसता खांदा पुढे केला म्हणजे खांदेकरी होत नाही. आधी शिक्षण.

२२ नोव्हेंबर, रविवार

तिसरा गडी आप्पांनीच पाठवला. वीरसिंग, त्यांचा सालदार. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला. आप्पांच्या शेतावर राहून त्याला इतकी वर्षं झाली की त्याच्या हातची बैलजोडी दोनदा म्हातारी झाली. मंडळातल्या एकदोघांनी कुरकुर केली. आप्पा ओट्यावरूनच म्हणाले, “मानमोडीमा कोन कोनना खांदावर गया, कोनी इचारं व्हतं?” 

मला जातीची अडचण नव्हती. मला काळजी होती ती भाषेची. घरी तो त्याच्या डोंगरातलं बोलतो, गावात आपलं खानदेशी बोलतो, पण माझं भाषण शुद्ध मराठीत आहे. मी घरातसुद्धा शुद्धच बोलतो, शाळेची सवय मोडू नये म्हणून. दगूबाई तिच्या बोलीत बोलते आणि मी माझ्या, आणि आमचं काही अडत नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार

आज शाळेच्या पडवीत पहिला वर्ग झाला. मी प्रास्ताविक केलं. मंडळाचा इतिहास, सेवाधर्म, मृत्यूची अटळता, आणि मग प्रत्यक्ष नियम. तिरडी उचलताना चौघांनी एकदम डावा पाय टाकायचा, नाहीतर ती हेलकावे खाते. वाटेत बोलायचं नाही. मागे पाहायचं नाही. अर्ध्या वाटेवर विसावा येतो तिथे ती खाली ठेवायची, दिशा फिरवायची, आणि कोणाला खांदा पालटायचा असेल तर तिथेच पालटायचा. शेवटी निंबाचा पाला आणि गूळ. कडू तोंडात गूळ किती गोड लागतो आणि त्यात जीवनाचं केवढं सार आहे, यावर मी थोडं विस्तारानं बोललो. दोधूला मध्येच डुलकी लागली. तो गप्प बसलेला गावानं आज प्रथमच पाहिला असेल.

नंतर उंची घेतली. हा माझा शोध आहे. खांद्याला खांदा जुळला नाही तर सगळा भार उंच माणसावर पडतो आणि बुटक्याचा खांदा नुसता नावाला राहतो. बैलांची जोड पाहतो, मग माणसांची का पाहू नये? प्रत्येकाला भिंतीशी उभं करून खांद्याच्या उंचीवर खडूनं रेघ मारली. कशी मारायची ते कळावं म्हणून आधी माझी मारून दाखवली. दोधू आणि सुपडूची जोड छान जमली. वीरसिंग उंच आहे, त्याची रेघ थेट माझ्या रेघेशेजारी आली. त्याच्या जोडीला त्याच उंचीचा चौथा गडी शोधायला हवा.

“ही रेघ कोननी मास्तर?” दोधूनं विचारलं.

“माझी. नमुन्यादाखल.”

दोधू सुपडूकडे पाहून हसला. सुपडू हसला नाही, पण त्यानं दोन्ही रेघांकडे बराच वेळ पाहिलं.

४ डिसेंबर

शिंप्याची म्हातारी पहाटे गेली. दोधू आणि सुपडूनं पहिला खांदा दिला आणि एकानेही पाऊल चुकवलं नाही असं ऐकतो. माझ्या शिक्षणाचं चीज झालं.

मला सकाळपासून गुडघ्यानं छळलं होतं. तरीही नेहमीप्रमाणे मी पुढे नदीवर गेलो, कारण सरणाची लाकडं नीट रचली आहेत की नाहीत हे कोणीतरी आधी जाऊन पाहायलाच हवं. चिटणीस झाल्यापासून हे काम मी स्वतःकडे घेतलं आहे. मागे तिरडी उचलली जात असते तेव्हा मी निम्म्या वाटेवर पोचलेला असतो.

परतताना निंबाखाली एका जुन्या सभासदानं सुपडूच्या हातावर गूळ ठेवला, मग सुपडूनं दोधूच्या. “खांदाभाऊ” म्हणून हाका झाल्या. दोधूचे डोळे भरले होते. आता सगळे एकमेकांना खांदाभाऊ म्हणतात आणि मला तेवढं मास्तर म्हणतात. हुद्द्याला मान देण्याची रीत आमच्या गावात अजून टिकून आहे.

१३ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस शांतपणे लिहून काढतो, म्हणजे माझी चूक किती आणि लोकांची किती हे पुढेमागे कोणालाही समजेल.

वीरसिंगनं अजून खांदा दिलेला नाही. कोणी मरण्याची वाट पाहत बसणं बरं नव्हे, म्हणून मी कवायत ठेवली. मंडळाच्या बांबूंची तिरडी बांधली. भाराला घरचं ज्वारीचं पोतं घेतलं, मध्यम बांध्याच्या माणसाएवढं भरेल असं. दगूबाई धुणं घेऊन नदीवर गेली होती, तिला विचारायला सवड नव्हती. खरेपणा यावा म्हणून वर पांढरं कापड टाकलं. चौथ्या कोपऱ्याला आप्पांचा पुतण्या नथ्थू तात्पुरता उभा केला. मी पुढे चालत होतो. “डावा. डावा. मान सरळ.”

शाळेच्या बोळात बेबीबाई दारात बसून तीळ पाखडत होती. आप्पांचा दम वाढलाय हे तिला ठाऊक, त्यात नथ्थू खांद्याला आणि मी पुढे गंभीर चेहऱ्यानं. तिनं सूप टाकलं. “आरे मन्हा चुडामणभाऊ, आमले टाकीसन कोठे चालना रे…” असा हंबरडा फोडला की वरच्या आळीत ऐकू गेला. बाया बाहेर आल्या. वाण्यानं दुकानाची फळी लावली. मी मागे वळून पाहणं नियमाविरुद्ध होतं, पण पावलांच्या आवाजावरून निम्मं गाव मागे येत होतं एवढं कळलं. लोकांना शिक्षणाचं मोल समजू लागलं आहे असं वाटून मला खरोखर समाधान झालं होतं.

वाट आप्पांच्या घरावरून जाते. आप्पा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते.

बेबीबाईनं आप्पांना पाहिलं. मग तिरडीला पाहिलं. मग मला. त्यानंतर ती जे बोलली ते मी या वहीत लिहिणार नाही.

कापड काढलं, पोतं निघालं. तरी गोष्ट तिथे संपली नाही. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, उठलेली तिरडी माघारी घरी येत नाही, आणि तिच्यावर जे चढलं ते चुलीवर चढत नाही. जे जे मागून चालले होते त्यांनी जाऊन अंघोळी केल्या. डिसेंबरच्या थंडीत एवढं गाव दुपारी न्हायलं, त्याचं खापर माझ्या डोक्यावर. पोतं आप्पांच्या अंगणात पडून राहिलं.

घरी आलो तर दगूबाई दारातच उभी. “ती जवारी मन्हा घरमा येवाव नही. तुम्हीन बी न्हाईसन या.”

मी म्हणालो, मी तिला हातसुद्धा लावलेला नाही, मी पुढे चालत होतो.

“ते मले माहीत शे,” ती म्हणाली.

१४ डिसेंबर

आप्पांनी निवाडा केला. गावातले चारजण ओट्यावर जमले होते. कोणी म्हणे पोतं नदीत सोडा, कोणी म्हणे पाखरांना टाका. एकजण म्हणाला, डोंगरातले मजूर खांडबाऱ्याच्या गाडीला चाललेत, त्यांना देऊन टाका, त्यांना काय कळतंय. वीरसिंग तिथेच बैलांना पाणी पाजत होता. आप्पांनी त्या माणसाकडे असं पाहिलं की तो तपकिरीची डबी शोधू लागला.

मग म्हणाले, “बेबीबाईनी मन्हं नाव लिसन रडं. म्हनजे पोतं मन्हंच. राहू द्या मन्हा घरमा. मन्हा तेराव्याले त्यान्याच भाकरी करा. तवय कोनलेच ईटाळ वाटाव नही.” आणि हसत हसत खोकले. “पन बेबीबाई रडस बरी. मन्हासाठे इतलं कोनी रडी आसं मले वाटनं नव्हतं.”

सगळे हसले. मीही हसलो. मला वाटतं प्रकरण माझ्या बाजूनं मिटलं.

३१ डिसेंबर

सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आलो. घोडे पाहायचं निमित्त, डोळा चौथ्या गड्यावर. वीरसिंगच्या उंचीचा माणूस आमच्या गावात एकच, रेवजी. तो घोड्याच्या दातांत बोट घालून वय पाहत होता. मी मंडळाचं महत्त्व समजावलं. सेवा, बंधुभाव, सगळं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “मास्तर, तुम्हीन कितला खांदा दिधात?”

मी सांगितलं की प्रश्न माझा नाही, मंडळाचा आहे, आणि माझ्याकडे सरणाची व्यवस्था असते.

“मंग मी बी यवस्था पाहसू,” म्हणाला आणि घोडा घेऊन गेला. लोकांना मोठेपणा हवा असतो, काम नको असतं. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, ही म्हण अशाच लोकांवरून पडली असणार.

१७ जानेवारी १९३७, रविवार

कुंभारआळीतला एक म्हातारा गेला. वीरसिंगचा पहिला खांदा. दोधूनं त्याच्या हातावर गूळ ठेवला. तीन झाले.

थंडीनं गुडघा फार धरला होता. नदीपर्यंत जाताना काठी घ्यावी लागली. रात्री जेवताना दगूबाई म्हणाली, “तुमना गुडघा मरणनाच दिवशी कसा काय दुखस?”

मी सांगितलं, हा संधिवात आहे, तो तिथी पाहून येत नाही.

“परवा आंबानं झाड चढनात तवय नव्हता तो.”

स्त्रियांना वैद्यकातलं फार कळत नाही. मी भाकरी संपवून उठलो.

२१ फेब्रुवारी, रविवार

आप्पांनी अंथरूण धरलं. आता ओट्यावरही येत नाहीत. नथ्थूची बायको त्यांना पेज भरवते, दोन घोटांच्या वर जात नाही. मी जवळ बसलो. छाती वरखाली होताना दिसते, पण आवाज अजून पूर्वीचाच आहे.

“कितला व्हयनात?”

“तीन. चौथा मिळत नाही, आप्पा. रेवजी नाही म्हणाला. शेजारच्या गावात पाहू का?”

“तीन व्हयनात ना? मंग चौथाना घोर करू नको.”

म्हणजे त्यांच्या मनात कोणीतरी आहे. मी विचारलं, कोण? आप्पा डोळे मिटून हसले आणि दुसरंच बोलू लागले.

“तुन्हा बापले मी लई गयतू. तू धुळाथीन उना तवय राख थंडी व्हई जायेल व्हती. तुन्हा जागावर मी खांदा दिधा.”

हे मला ठाऊक होतं. निरोप माझ्यापर्यंत पोचायलाच दोन दिवस लागले, त्यात कोणाचाच दोष नाही. आप्पांनी आज ते का काढलं कळलं नाही. आजारात माणूस मागचं उकरत बसतं. मी त्यांचे पाय चेपले आणि घरी आलो. जेवण गेलं नाही.

४ मार्च

चौथा नाही. होळी तोंडावर आली. गव्हाची कापणी सुरू आहे, कोणी उभ्या उभ्या बोलायलाही तयार नाही. आप्पांनी मला दिलेलं काम आजवर अपुरं राहिलेलं नाही, हेही राहणार नाही.

आज शाळा सुटल्यावर पडवीतल्या रेघा पाहत बसलो. पोरांनी बाकीच्या पुसून टाकल्या आहेत. उंचावरच्या दोन तेवढ्या हात न पोचल्यामुळे राहिल्या.

१२ मार्च, शुक्रवार

आप्पा गेले.

नथ्थू दिवस उगवताना सांगायला आला. माझा हात आधी गुडघ्याकडे गेला. तो दुखत नव्हता. मी थोडा वेळ तसाच बसलो, दुखेल म्हणून. दगूबाईनं माझं उपरणं आणून खांद्यावर टाकलं.

अंगणात तिरडी तयार होती. जुने सभासद आले होते, एक भिंतीला हात लावून उभा, एक कमरेवर हात ठेवून. नथ्थूच्या हातात मडकं. मागच्या बाजूला दोधू आणि सुपडू आपापल्या जागी उभे राहिले, पुढे उजवीकडे वीरसिंग. पुढचा डावा कोपरा मोकळा.

मी म्हणालो, “मी पुढे होतो. लाकडं पाहतो.”

नथ्थू म्हणाला, “लाकडं परवाच पडनात मास्तर. आप्पानीच सांगं व्हतं. सरण बी रचाई गयं.”

मरणाऱ्यानं स्वतःच्या सरणाची व्यवस्था स्वतः लावून ठेवलेली मी पहिल्यांदाच ऐकली. मग मी मोठ्यानं विचारलं, “चौथा कोण?” माझं ते कामच होतं.  कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, सगळे खाली पाहत होते, दोधूसुद्धा.  त्या अंगणात एवढी माणसं असून नथ्थूच्या मडक्यातला गोवऱ्यांचा धूर तेवढा हलत होता.

तेव्हा मला समजलं. आप्पांनी पाडव्याला चार म्हटलं होतं आणि मी चार महिने गावभर हिंडलो. चौथा कोण हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. रेवजीला माहीत होतं. माझ्या बायकोला माहीत होतं. मला तिरडीची भीती वाटते हे मी या वहीलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि ते सगळ्या गावाला पाठ होतं. दहा वर्षांत एकानंही ते माझ्या तोंडावर म्हटलं नाही, मास्तर म्हणून हाक मारून मला पुढे जाऊ दिलं.

“मास्तर,” वीरसिंग मोकळ्या कोपऱ्याकडे हात करून हळू म्हणाला, “आठे.”

मी चपला काढल्या आणि गेलो. वाकलो, बांबूखाली खांदा घातला, उठलो. त्याचा खांदा आणि माझा खांदा एका रेघेत आला. आप्पा फार हलके झाले होते, त्या पोत्याच्या निम्मेसुद्धा नसतील. मी उजवा पाय टाकला. तिरडी हेलकावली.

“डावा, मास्तर,” मागून दोधू कुजबुजला. “डावा. मान सरळ.”

माझंच वाक्य, माझ्याच चालीवर. मी पाय बदलला. “राम बोला भाई राम” सुरू झालं आणि आम्ही निघालो.

शाळेच्या बोळात बेबीबाई दारात उभी होती. ती रडली नाही. जवळून जाताना तिनं तिरडीकडे पाहून हात जोडले. “मी तुन्हासाठे आधीच रडी लिधं, भाऊ. आते सुखे जाय.” मग मला रडू आलं. वाटेत बोलायचं नाही असा नियम मी केला होता, रडायचं नाही असा नव्हता. ते रडणं आप्पांसाठी होतं की बाबांसाठी, हे मी निवडत बसलो नाही. ज्या वाटेनं बाबांना माझ्या जागी आप्पांनी नेलं, त्याच वाटेनं मी आप्पांना नेत होतो, आणि एवढं मात्र मला दर पावलाला कळत होतं.

विसाव्याला तिरडी टेकवली, दिशा फिरवली. कमरेवर हात धरलेला म्हातारा सभासद पुढे झाला, म्हणाला, द्या मास्तर, पालटू. मी बांबू सोडला नाही. नदीपर्यंत नेलं.

परतताना निंबाखाली सगळे थांबले. आता गूळ कोण देणार असा प्रश्न नव्हता, ती रीत आप्पांनी पाडव्यालाच पक्की करून ठेवली होती. माझ्या आधी खांदा देऊन आलेला वीरसिंग. त्यानं फांदी वाकवून पाला तोडला, कमरेच्या फडक्यातून गुळाचा खडा काढला. म्हणजे तो सकाळीच गूळ घेऊन निघाला होता. माझ्या हातावर दोन्ही ठेवलं.

“ल्या, खांदाभाऊ.”

मग दोधू म्हणाला, मग सुपडू, मग म्हातारे. कडू तोंडात गूळ फार गोड लागतो, हे मी भाषणात कितीदा सांगितलं आहे. ते खरं आहे.

घरी आलो तर दगूबाईनं दारात पाण्याचा हंडा भरून ठेवला होता. न्हालो. ती म्हणाली, “तेराव्याले ती जवारी दळनी शे. नथ्थूनी बायकोले सांगी उनू, मी दळसू.” मी मान हलवली आणि भिंतीला टेकून बसलो.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “गुडघा कसा शे?”

“गुडघा बरा शे,” मी म्हणालो. “खांदा दुखस.”